सामाईक विहिरीचा तह

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

कचरूने मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं! विहीर सामाईक — त्याची आणि त्याच्या विधवा भावजयीची, मनकर्णाची. तिची मोसंबीची दोनशे रोपं आठ दिवस कोरडी. चिडून तिने त्याचा पाईप कुऱ्हाडीने तोडला. आता दोघंही म्हणतात, बाईंनी मिटवावं. दोघांची मुलं माझ्या हाताखाली इतिहास शिकली, एवढाच माझा अधिकार.

६ एप्रिल, रविवार

विहिरीच्या काठावर बसून तह केला. चार दिवस पाणी त्याचं, तीन दिवस तिचं. पाईप तिने जोडून द्यायचा, कुलूप त्याने काढायचं.

किल्ली बराच वेळ कचरूच्या मुठीत. "बाई, तुमच्या शब्दावर काढतो. हिच्या न्हाई."

मनकर्णा विहिरीकडे बघत म्हणाली, "कुणाच्याबी शब्दावर काढा भावजी, पण आज काढा. झाडं काय शब्द पेत न्हाईत."

कचरूलाही हसू आलं. मोटर सुरू झाली, तिच्या आळ्यांत पाणी पोचलं. चालत घरी आले. भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

९ एप्रिल, बुधवार

केजच्या जयंती व्याख्यानमालेची टिपणं. विषय — आजची युद्धं का होतात. धर्म, वंश, अस्मिता ही वरची साल. खाली तेल आहे, पाणी आहे, खाणी आहेत, कुणीतरी परक्याने पट्टीने आखलेल्या सीमा आहेत आणि शस्त्रं खपवायची घाई आहे. सुदानमध्ये दोन सेनापतींना एक खुर्ची हवी, म्हणून लाखो माणसं घर सोडून निघाली. गाझाच्या वेशीवर महिनाभर धान्याचे ट्रक उभे आहेत. आजची उपासमार आभाळातून येत नाही. ती नाक्यावर अडवून तयार केली जाते. हे लोकांना दिसलं पाहिजे. पण कसं दाखवायचं?

१३ एप्रिल, रविवार

असं भाषण कित्येक वर्षांत झालं नाही!

सगळं बोलले, सभा शांत. मग सुचलं — नाकेबंदी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडेही मोटरीला कुलूप लागतं. नाव घेतलं नाही. फक्त छाती काढून, मूठ आवळून, त्याच्या आवाजात म्हणाले, "मोटर माझी, किल्ली माझी, पाणी बी माझंच!" मंडप हसून कोसळला. पुढच्या ओळीतल्या बायका डोळे पुसत होत्या. आणि त्याच क्षणी त्यांना गाझा कळलं — चेहऱ्यांवर दिसलं मला.

युवराज, माझा जुना विद्यार्थी, व्याख्यानमालेचा कार्यकर्ता, गाडीवर परत आणताना म्हणाला, "बाई, आज तुमी तोडलंच." झोप छान लागणार.

१५ एप्रिल, मंगळवार

पेटीला परत कुलूप.

कचरू त्या मंडपात होता. इस्त्रीचा सदरा घालून, आमच्या बाई बोलणार म्हणून सगळ्या भावकीला घेऊन आला होता.

दारात गेले. त्याने खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "चारशे माणसात माझी नक्कल केली तुमी. तह केला तवा मला वाटलं, माझी इज्जत तुमच्यापाशी ठेवलीय."

मी म्हणाले, नाव घेतलं नव्हतं.

"नाव कशाला घ्यायचं? सोबतचे सगळे माझ्याकडंच बघत व्हते."

मनकर्णाकडे गेले. वाटलं, ही तरी माझ्या बाजूची. ती रोपांना घागरीने पाणी घालत होती. "त्यांना हासले लोक, तवा मला बी मेल्याहून मेल्यावानी झालं बाई. घरचा माणूस हाय तो. आमचं भांडण आमी तुमच्या हातात दिलतं. तुमी ते केजला नेऊन वाटलं."

हरलेल्याला खाली मान घालायला लावणारा तह पुढचं युद्ध पेरून जातो — हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. टिपणांत कारणं मांडली. अपमान त्यांत नव्हता.

१७ एप्रिल, गुरुवार

पुढचं भाषण गेवराईला आहे, त्यातून विहिरीचा दाखला काढून टाकला. सभेसमोर माफी मागू का, म्हणून कचरूला निरोप धाडला. उत्तर आलं — "सभा नको. लई झाल्या सभा."

२० एप्रिल, रविवार

युवराज सांगून गेला. मोटर परवापासून सुरू आहे. कचरू आणि मनकर्णा दोघंच विहिरीवर बसले, पाण्याचे दिवस नव्याने वाटून घेतले. तीन तिचे, तीन त्याचे, सातवा ज्याला गरज असेल त्याचा. माझ्यापेक्षा चांगला तह. दोघांचं चटकन एकमत झालं ते मात्र एकाच कलमावर — बाईला यात घ्यायचं न्हाई. बारा रोपं गेली, बाकी जगली. बरं वाटलं.