जुन्या प्रश्नाखालची ओळ

पेण, ९ मार्च १९९९

सगुणाकाकी,

तेराव्याला रोह्यात तुम्ही विचारलंत, "माज्या प्रविणनी कंप्युटरवर शेवटचं काय लिवलंय काय गो?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. खरं इथे लिहिते, पण हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

इंजिनिअर इंटरनेटवर एकमेकांना प्रश्न विचारतात, ते पान मी सांभाळते. तिथे जुन्या प्रश्नाखाली लिहून तो वर काढायचा नाही, नवीन विचारायचा. नियम माझाच. कंपनीतल्या स्फोटाच्या आदल्या दिवशी प्रविणने एका जुन्या प्रश्नाखाली लिहिलं, "आमचाही व्हॉल्व्ह असाच अडकतो. उपाय सापडला का?" उपाय मला माहीत होता. मी त्याला नियम कळवला आणि ओळ पुसली.

त्याचा नवीन प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली.

दिशा