चौथ्या स्विचनंतरची वायर

हार्लिंगेन, १४ मार्च, गुरुवार

प्रिय येल्मर,

आज सकाळी वारा होता, दुपारी पडला. साडेनऊला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. येताना पाव घेतला. डाऊवेच्या नावाने वाचनालयाचं पत्र आलं होतं, म्हणून त्यांना फोन करून तो आठ जानेवारीला गेल्याचं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "कार्डावर तसं दिसत नाहीये हो." मी म्हटलं, दिसणार नाहीच. त्यानंतर माळा झाडला.

तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. पत्राला उत्तर द्यायला बारा दिवस लावले, त्याबद्दल माफ करा.

तुम्ही लिहिलंय की डाऊवेने बनवलेलं ते डोक्यावरचं पॅनेल, चोवीस स्विचचं, तुम्हाला हवं आहे. तुमच्या घरच्या कॉकपिटमध्ये बसवून ते कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरला जोडाल आणि त्याचं काम वाया जाऊ देणार नाही, असंही लिहिलंय. शनिवारी या आणि घेऊन जा. छतातले चार स्क्रू मी काढून ठेवले आहेत.

एकत्र विमान उडवतानाच्या तुम्हा दोघांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, चाळीस तासांचं, आणि ते मला पाठवायची तुमची तयारी आहे. ते मला हवं आहे. किती हवं आहे ते लिहीत नाही.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "ऑक्टोबरनंतर डाऊवे माझ्याबरोबर बसेनासा झाला. माझ्यावर रागावला होता का? माझं काही चुकलं का?" याचं उत्तर मला दोन ओळींत देता येईना, म्हणून बारा दिवस लागले.

तुमचं काही चुकलं नाही. पण ते तसंच लिहून पाकीट बंद करणं बरोबर होणार नाही.

येल्मर, मला तुम्ही आवडत नव्हता. आपण दोनदाच भेटलो, तुम्ही दोन्ही वेळा नीट वागलात, फुलंसुद्धा आणलीत. तरी नाही. रोज संध्याकाळी आठला डाऊवे कपात कॉफी घेऊन माळ्यावर जायचा आणि कानाला हेडफोन लावायचा. मी खाली बसून ऐकायची. तुमचा आवाज मला ऐकू यायचा नाही, फक्त त्याचा. "इंधनाचे पंप?" असं तुम्ही विचारत असाल, कारण तो म्हणायचा, "चालू." मग "चालू." मग "तपासलं." मग हसायचा. एकेचाळीस वर्षं माझ्या प्रश्नांना "हं" म्हणणारा माणूस. त्याची पुलावरची नोकरी संपली तेव्हा, म्हणजे बोटींसाठी पूल दुसऱ्या गावातल्या कार्यालयातून उघडायला लागला आणि याला घरी बसवलं तेव्हा, महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नव्हता. तुमच्याशी बोलला. तुमच्याकडूनच मला कळलं की त्या महिन्यात तो रोज सकाळी पुलापर्यंत सायकलने जाऊन परत यायचा. मला तो पाव आणायला जातो असं वाटत होतं.

ते पॅनेल करताना एकदा त्याने मला वर बोलावलं होतं. पहिली ओळ सोल्डर करताना टॉर्च धरायला कोणी हवं होतं. मी धरला. तो म्हणाला, "हे बघ फेन्ना, प्रत्येक स्विचला आपली एक रंगीत वायर. पण ही काळी एकच. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सगळ्यांतून जाते. ही मधेच तुटली की पुढचे सगळे मुके." मी त्याच्या बहिणीवरून म्हटलं, "म्हणजे आपल्या बाउक्येसारखी, ती आली नाही की वाढदिवसाला कोणी बोलतच नाही." तो इतका हसला की त्याचाच हात हलला, आणि टॉर्च हलला असं म्हणून मलाच ओरडला. ती एक संध्याकाळ माझी होती.

ऑक्टोबरात त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला तुम्ही आला होता. दिवाणखान्यात खुर्च्यांचं रिंगण होतं. मी केक वाटत होते, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याचा हात हातात घेई, मग माझा, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मला म्हणे, नवऱ्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन. तुमच्याजवळ आल्यावर बाउक्येने तुमचाही हात धरला आणि मोठ्याने म्हणाली, "तुमचंही अभिनंदन हो! अर्धा नवरा तुमचाच आहे की!" सगळे हसले. डाऊवे सगळ्यांत जास्त. "अर्धा कसला, संध्याकाळी तर अख्खा!" तो म्हणाला आणि तुम्हाला घेऊन वर गेला. मी तासभर त्या रिंगणात बसले. वरून हसण्याचे आवाज येत होते, आणि दर वेळी कोणीतरी छताकडे बघून माझ्याकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पोहायला गेला असताना मी माळ्यावर गेले. पॅनेल उघडलं आणि चौथ्या स्विचनंतरची काळी वायर नखं कापायच्या कात्रीने कापली. दोन्ही टोकं वायरींवरच्या प्लास्टिकच्या नळीत सारून ठेवली, दिसू नये म्हणून. मग हात धुतले आणि वाटाण्याचं सूप चढवलं.

त्या बुधवारी तुम्ही दोघं पहिल्यांदा पूर्ण पॅनेल लावून सिम्युलेटरवर बर्गनला उडणार होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो म्हणत होता, "अरे, पाचव्यापासून पुढे सगळे मेलेत!" तुम्ही म्हणाला असाल की प्रोग्रॅम नवा आलाय, चूक त्यातच असणार, तुझं काम कधी कच्चं नसतं. नऊ दिवस तुम्ही दोघं कॉम्प्युटरमध्ये शोधत राहिलात. मी खाली बसून विणत होते, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

दहाव्या दिवशी तो आठला खालीच बसला. मी विचारलं, "आज जायचं नाही?"

"सापडलं," तो म्हणाला. "चौथ्याचा सांधा सुटला होता. माझंच काम."

"मग लाव ना परत."

त्याने हात माझ्यापुढे धरले. "हे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. राहू दे. कॉफी आहे का अजून?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. येल्मर, त्यानंतरचे दहा आठवडे तो रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसला. आम्ही बातम्या बघितल्या, पत्ते खेळलो. तो चांगला खेळायचा, हे मला माहीतच नव्हतं. मी सुखात होते. कधीकधी तो हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचा, आणि मला वाटायचं, हे मी केलं. या माणसाला स्वतःचे हात म्हातारे झाल्याचं मी पटवलं. तो तेच मनात घेऊन गेला, असं मी आज दुपारपर्यंत धरून चालले होते.

आज पॅनेल उघडलं ते तुमच्यासाठी नव्हे. कापलेली टोकं तुम्हाला दिसू नयेत म्हणून ती चिमट्याने सांध्यापासून ओढून काढायची, असा बेत होता. सुटलेला सांधा आणि कात्रीने कापलेली वायर यांतला फरक तुम्हाला कळेल, ही भीती होती.

टोकं नळीत नव्हती. बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवलेली होती, आणि प्रत्येकावर पिवळी पट्टी गुंडाळलेली होती.

पुलावरची त्याची सवय तुम्हाला माहीत असेल. तुटलेल्या वायरला तो कधी पट्टी लावायचा नाही, सरळ दुरुस्त करायचा. पिवळी पट्टी फक्त मुद्दाम सोडवून ठेवलेल्या वायरला, म्हणजे नंतर येणाऱ्याने समजावं की हे असंच असायचं आहे, याला हात लावू नका. आमच्या दारावरच्या घंटेलासुद्धा त्याने एका उन्हाळ्यात तशी पट्टी लावली होती, माझी डोकेदुखी जाईपर्यंत.

म्हणजे त्याला कळलं होतं. फरक तुम्हाला कळला असता, तर त्याला कळणारच. आणि कोणती वायर कापायची हे या घरात त्याने एकाच माणसाला शिकवलं होतं. हात नीट होते त्याचे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो तुमच्यावर रागावला नव्हता. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "सध्या नको रे, खाली काम आहे." ते काम मी होते. तुमच्या दहा आठवड्यांच्या संध्याकाळी मी घेतल्या, आणि त्याने मला त्या घेऊ दिल्या. तुमची माफी मागते. हे वाचल्यावर रेकॉर्डिंग पाठवावंसं वाटलं नाही तर पाठवू नका. मी पुन्हा मागणार नाही.

त्याने तुम्हाला सांगितलं होतं का, हे विचारावंसं वाटतं. वायर कोणी कापली ते. सगळंच तो तुम्हाला सांगायचा. पण सांगितलं असेल तर मला कळवू नका. सांगितलं नसेल तरी कळवू नका. एवढं एक त्याने फक्त आमच्या दोघांत ठेवलं, असं मला समजून राहू दे.

वायर तुम्ही जोडून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पट्ट्या मी काढून घेतल्या आहेत. त्या मिळणार नाहीत.

शनिवारी अकराला या. सहा वाजत आले, बटाटे सोलायला घेते.

डाऊवेची,
फेन्ना