सेत्ना खोऱ्याची चार पानं

व्हिक्टोरिया,
४ ऑक्टोबर २०११

ती. डेल्फिनमावशीस,
त्र्यंबकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तू फोन उचलत नाहीस. मर्डॉक सांगतो की उचललास तरी चुकीचा नंबर म्हणून ठेवून देतेस, आणि तेही आपल्या भाषेत, म्हणजे समोरच्याला शंकाच उरत नाही. तुझा हा भाचा वाटाघाटींतला आपला मुख्य आणि माझा साहेब असल्यामुळे त्याचं म्हणणं मी प्रमाण मानतो. म्हणून हा टपालखर्च.

मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या करारासाठी सरकारशी चाललेल्या वाटाघाटींना सतरावं वर्ष लागलं. माझ्या वडिलांच्या पाठशाळेत मुलं बारा वर्षांत सगळं मुखोद्गत करून पोटापाण्याला लागत. आम्ही अजून प्रस्तावनेतल्या स्वल्पविरामांवर आहोत. तरी यंदा गाडं हललं. शाळा, दवाखाना, मासेमारीचे नियम, गावाचं स्वतःचं न्यायासन, नदीवरची छोटी वीज, हे सगळं हालवेन गाव स्वतः चालवणार असं सरकारपक्षाने मान्य केलं. त्या दिवशी मर्डॉकने बिस्किटांची अख्खी थाळी एकट्याने संपवली. त्याच्या लेखी तो विजयोत्सव होता.

अडलंय ते सेत्ना खोऱ्यावर. आपली रेघ खोऱ्याच्या पलीकडून जाते, आणि खालच्या डौस्ता गावाच्या सल्लागाराने त्यांची रेघ खोऱ्याच्या अलीकडून ओढली आहे. सरकारपक्षाच्या प्रिंगलबाई गोड हसून म्हणाल्या की पुरावा आणा. एकतीस मार्चला नकाशा मिटणार. रेघेच्या आतलं ते आपलं, बाहेरचं कायमचं सोडलं, असं कलमच आहे.

मावशी, पुरावा तुझ्या तोंडात आहे. सेत्नाची गोष्ट घराण्याची कर्ती म्हणून तूच सांगू शकतेस. या थंडीत पंगत बोलाव, डौस्ताच्या लोकांना बसव, साक्षीदारांपुढे गोष्ट सांग, गाणं म्हण. पुढचं मी बघतो.

सॅमनच्या दोन बरण्या मर्डॉकबरोबर येतील अशी आशा आहे. लोभ त्याच बरणीत, माशाच्या तुपासकट, घट्ट झाकण लावून पाठवावा.

तुझा,
त्र्यंबक


हालवेन,
१९ ऑक्टोबर

चि. त्र्यंबकास,
डेल्फिनमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं टाइप केलेलं पत्र पोचलं. टाइप केलेलं म्हणजे सरकारचं, असं समजून चार दिवस उघडलं नाही. यापुढे हाताने लिही. माझं अक्षर बघ. बोर्डिंगच्या शाळेने आमची भाषा, आमचे केस आणि माझी बहीण नेली, आणि बदल्यात हे वळणदार अक्षर दिलं. तेव्हा वापरते.

पंगतीचं विचारलंस. चोवीस वर्षं आमच्यात राहून तुझं घड्याळ अजून सरकारी. माझ्या भावाच्या थडग्यावर दगड बसायचा आहे पुढच्या शरदात. त्या पंगतीत सेत्नाची गोष्ट सांगायची आणि तिथेच ती मर्डॉकच्या हवाली करायची, गाण्यासकट, हे ठरलं आहे. तोवर त्याला मी एक ओळही देत नाही. आंबट चेहरा करून बसतो, बसू दे. साक्षीला बसणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या घोंगड्या जमल्या नाहीत, बेरी सुकायच्या आहेत, आणि डौस्ताची अल्विना गुडघ्याचं ऑपरेशन करून घेते आहे. मुख्य साक्षीदार झोपून असताना मी गोष्ट कोणाला सांगू, प्रिंगलबाईला?

तू म्हणशील, मला कशी सांगितलीस? तुला मी मासे धुरवायच्या खोपटीत सांगितली, ओळीने चार वर्षं, दर सप्टेंबरात, कारण तू घरातला. सहा वर्षांपूर्वी तुला दिलेलं नाव शोभेचं नाही. ‘शेवटच्या होडीने आलेला’ हे माझ्या मामाचं नाव, चाळीस वर्षं रिकामं होतं. सगळी माणसं मोजून झाल्यावर जो होडीत चढतो, त्याचं. त्या नावाची पंगतीत खुर्ची आहे. खुर्चीवर बसणाऱ्याने ऐकायचं असतं, मासे उलटायचे असतात, आणि गप्प राहायचं असतं. तीनपैकी दोन तुला छान जमतात. मासे तू जाळतोस.

तेव्हा गप्प राहा. सरकारला सांग, थांबा. एवढी वर्षं आम्ही थांबलो.

छातीत कफ आहे, बाकी ठीक. लोभ कमी करायचं काही कारण अजून तू दिलेलं नाहीस.

डेल्फिन


व्हिक्टोरिया,
१२ जानेवारी २०१२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र हाताने लिहितो आहे, त्यावरून मी काहीतरी केलं आहे हे तू ओळखलं असशीलच.

सरकार थांबत नाही. शुक्रवारी प्रिंगलबाईंनी सांगितलं की सोमवारपर्यंत पुरावा नसेल तर सेत्ना वगळून पुढे जाऊ. मर्डॉक गावी गेलेला, रस्ता बर्फाने बंद. आपत्काले मर्यादा नास्ति, हे वचन आमच्याकडे ज्याला मर्यादा मोडायची असते तोच नेहमी म्हणतो. मीही म्हटलं. आणि बसून चार पानं लिहिली.

तू सांगितलेलं जसंच्या तसं. हिमनदी मागे सरली ते वर्ष, मासेमारीचे तळ, तीन आज्यांची नावं, आणि गाणंही, कारण खुणेचे दगड गाण्यातच आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. लहानपणीची घोकंपट्टी अशी कामाला येईल असं वडिलांना वाटलं नसतं. ते लिहून पाठ करणाऱ्या मुलाला ओळीतून उठवून दाराजवळ बसवत. म्हणत, हा विद्या शिकत नाही, चोरतो आहे. आज असते तर मला दाराच्याही बाहेर काढलं असतं.

पण मावशी, चाललं! खाली नाव काय घालायचं असं विचारलं, तेव्हा सल्लागार म्हणून लिहिलं तर वजन पडेना. म्हणून तू दिलेलं नाव लिहिलं, घराण्यासकट. पानांना करारात ‘परिशिष्ट घ’ हे स्थान मिळालं. प्रिंगलबाई म्हणाल्या, असा भक्कम कागद त्यांनी इतक्या वर्षांत पाहिला नाही. रेघ सरकली. सेत्ना आत आहे. मंगळवारी नकाशा भिंतीवर लावला तेव्हा मी चष्मा काढून पुसला, आणि लोकांना वाटलं काच खराब आहे.

रागावशील ते समोरासमोर रागव. उन्हाळ्यात पहिला मासा मी जाळीन, आणि तू मला नेहमीसारखं सगळ्यांसमोर बोल.

लोभाचा तुटवडा पडणार याची कल्पना आहे. शिल्लक असेल तो राखून ठेवावा.

त्र्यंबक


हालवेन,
२७ जानेवारी

चि. त्र्यंबकास,
आशीर्वाद.

रागावलेले नाही. रागावता आलं असतं तर बरं होतं.

काल अल्विना आली. नवा गुडघा घेऊन, बर्फातून, भाच्याच्या गाडीने. बोर्डिंगमध्ये तिची खाट माझ्या खाटेला लागून होती, त्यामुळे तिचं तोंड बघून मला कळतं. चहा घेतला, तुपाबरोबर बटाटा खाल्ला, मग पिशवीतून तुझी चार पानं काढली. कागद दोन्ही गावांच्या पक्षांना जातात हे तुझ्या लक्षात होतं ना? तिने एवढंच विचारलं, की डेल्फिन, पंगत केलीस आणि आम्हाला बोलावलं नाहीस?

मी सांगितलं की पंगत झालीच नाही. त्यावर ती म्हणाली की मग हे कोण बोललं?

तुला समजावं म्हणून सांगते. हीच पानं एखाद्या वकिलाने लिहिली असती तर आम्ही दोघींनी त्यावर शेगडी पेटवली असती. बाहेरच्याचा कागद म्हणजे कागद. पण खाली नाव आहे. नावाला खुर्ची आहे. नाव बोललं म्हणजे घराणं बोललं. आणि घराणं एकही साक्षीदार न बसवता, शेजाऱ्यांच्या पाठीमागे बोललं. आमच्या कायद्यात याला गोष्ट सांगणं म्हणत नाहीत. जी गोष्ट अशी सांगितली तिला लाज लागते. लाज धुईपर्यंत ती कोणी तोंडात घ्यायची नाही, कोणाला द्यायची नाही. मीसुद्धा नाही.

आता दुसरं ऐक. ती डौस्ताची रेघ त्यांच्या शहरी सल्लागाराने ओढलेली. अल्विना ती बघून हसली होती. पुढच्या शरदात ती पंगतीत उठणार होती आणि सेत्ना डेल्फिनच्या घराण्याचं, माझ्या आजीने त्यांच्या पंगतीत जेवून साक्ष खाल्ली आहे, असं सांगणार होती. संध्याकाळपर्यंत रेघ पुसली गेली असती. आता न बोलावलेल्या माणसाने साक्ष कशाची द्यायची? तिच्या गावाने हरकत घेतली आहे. तिला घ्यावीच लागली. जाताना ती पायरीवर बसून रडली, आणि मग माझ्या पायऱ्या फार उंच म्हणून मला शिव्या दिल्या.

मी दहा मार्चला लाज धुवायची पंगत करते. घोंगड्या अपुऱ्या आहेत, पण डौस्तावाले येतील. तू यायचं, उभं राहायचं, आणि मी सांगेन ते बोलायचं.

डेल्फिन


व्हिक्टोरिया,
६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार. साष्टांगच.

परिशिष्ट मागे घ्यायचा अर्ज केला. प्रिंगलबाई म्हणाल्या की कागद एकदा आत आला की बाहेर जात नाही. त्या तशा वाईट नाहीत. माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाल्या की यात तुमचं काही चुकलेलं नाही. इतकं वाईट मला कोणी कधी बोललं नव्हतं.

डौस्ताची हरकत दाखल झाल्यामुळे सेत्नावर ‘वादग्रस्त’ असा शिक्का बसला आहे. एकतीस मार्चपर्यंत दोन्ही गावांनी एकमुखाने लिहून दिलं तरच खोरं आत. म्हणजे सगळं तुझ्या दहा तारखेवर आहे. मर्डॉक माझ्याशी बोलतो, पण हवामानाबद्दल.

मी अठ्ठावीसला निघतो. काय आणू? घोंगड्या, साखर, पिठाची पोती, सांगशील ते. तू म्हणशील ते शब्द आजपासून पाठ करतो. न लिहिता.

तुझा कफ कसा आहे ते तू मागच्या पत्रात लिहिलं नाहीस.

त्र्यंबक


हालवेन,
२७ फेब्रुवारी

श्री. त्र्यंबक यांस,
स. न.

दादा लिहायला हात गेला होता. या पत्रात नको.

मावशी काल सकाळी गेली. न्युमोनिया. दवाखान्यात चार दिवस होती, घोंगड्यांची यादी उशाशी. तुला तार-फोन केला नाही, कारण तिने नको म्हटलं. तू येशील, तिच्या खाटेशी रडशील, आणि नर्सेसना वाटेल ती आत्ताच मेली, असं म्हणाली.

शेवटच्या दिवशी मी तिच्याकडे गोष्ट मागितली. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं की दार लावतो, तू सांग, लाज मी मागाहून धुतो. तिने माझा हात हातात घेतला आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिली, जाळी कशी वाळवायची, वगैरे. मी पुन्हा मागितली. तिने डोळे मिटले. सांगू शकत नव्हती असं नाही, श्वास होता. ती कायद्याने वागली.

अल्विना आहे, तयार आहे. लाज धुवायला पंगत मी करीनही. पण भांडं घासून आत घालायला काय आहे? तुझी चार पानं माझ्या खणात आहेत. मी ती उघडलेली नाहीत. उद्या उभा राहून सांगितली तर पहिला साक्षीदार विचारणार, कोणाकडून घेतलीस? मी काय सांगू, परिशिष्टाकडून? तुझ्याकडूनही घेता येत नाही. तू ऐकणारा होतास, देणारा नाहीस. जगात ती गोष्ट तोंडपाठ असलेला तू एकटा उरलास, हे मला आज सकाळी उठल्याउठल्या आठवलं.

चौदा मार्चला मावशीची पंगत आहे. ये. बसायचं कुठे ते दारात सांगतील.

मर्डॉक


व्हिक्टोरिया,
४ एप्रिल

श्री. मर्डॉक यांस,
त्र्यंबकाचा नमस्कार.

करारावर सह्या झाल्या तेव्हा मी मागच्या भिंतीशी होतो. शाळा, दवाखाना, वीज, सगळं मिळालं. तू सही करताना पेन दोनदा टेकवलंस ते फक्त मी पाहिलं असेन. नकाशात सेत्ना पांढरं आहे, म्हणजे कायमचं सोडलेलं. बाकी सगळीकडे रंग, आणि मध्ये पांढरं. प्रिंगलबाईंनी फोटोसाठी मला पुढे बोलावलं. मी चष्म्याचं निमित्त सांगितलं.

पंगतीबद्दल लिहायचं राहिलं होतं. तुमच्या लोकांनी मला दाराजवळच्या टेबलाशी बसवलं. वडिलांची आठवण झाली. त्यांचं गणित बरोबर निघालं, फक्त चाळीस वर्षं उशिरा. ‘शेवटच्या होडीने आलेला’ असा पुकारा झाला, तीनदा झाला, आणि घराण्याच्या ओळीतली खुर्ची रिकामी राहिली. आतून ओ आली होती. मी ती दाताखाली धरली. ते नाव मी परत करतो. तू ते परत न मागता नुसतं पुकारलंस, त्यातच मागणं होतं.

मग तू उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास की सेत्नाची गोष्ट आजपासून आमच्या घराण्यात नाही. एवढंच. अल्विनाने मान खाली घातली. आणि घराण्यातले लोक पाहुण्यांना वाटत फिरू लागले. सहा वर्षं मीही त्या वाटणाऱ्यांत होतो. घरातला माणूस आपल्या पंगतीत कधी घेत नाही, फक्त देतो. यंदा तू स्वतः आलास आणि माझ्यापुढे पिशवी ठेवलीस. टॉवेल, साखर, एक संत्रं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी घेतली.

घेतली म्हणजे साक्षीदार झालो. कायदा मला मावशीने शिकवला आहे, यापुढे तो मोडणार नाही. उद्या कोणी विचारलं तर मला सांगायला हवं की मी तिथे होतो, मी साखर घेतली, त्या घराण्यात सेत्नाची गोष्ट नाही.

टॉवेल घडी घालून ठेवला आहे. संत्रं खाल्लं नाही. सकाळी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे, गाण्यातल्या दुसऱ्या दगडापर्यंत पोचलो होतो. नळ पूर्ण सोडला आणि पाणी वाहू दिलं, चाल मोडेपर्यंत.

लोभ मागत नाही. पत्र पोचल्याचं कळवलं नाही तरी चालेल.

त्र्यंबक