दिला नाही, केला

बाबा, आज कोर्टात एका माणसाने सहीसाठी काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं आणि मला तुम्ही आठवलात. राजीनामा हा शब्द माझ्या कानावर दिवसातून दहा वेळा पडतो. मी वकील झाले, इथेच उज्जैनला, आणि भांडणाऱ्या दोन पक्षांत समेट झाला की इकडच्या हिंदीत त्याला राजीनामाच म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, कारण त्याच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याची चिठ्ठी. आपल्या घरात एक अर्थ होता, फाटकाबाहेर दुसरा, आणि आपण दिवसभर आतबाहेर करत असू. एरवी त्यात आपली चूक होत नसे. माझी एकदाच झाली, आणि ती तुमच्या बाबतीत.

तुमच्या पाइपांच्या कारखान्याचे मालक बदलले, तेव्हा मी बारावीत होते. नवा मॅनेजर आला. दर तिसऱ्या वाक्याला तो म्हणे की अब मार्केट खुल गया है. तुम्ही एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलेलं, डोळे मिटून हवा तो वॉशर काढून द्यायचात. त्याने एक दिवस सगळ्या हमालांसमोर तुम्हाला पुराना माल म्हटलं. रस्त्यात गाय आडवी आली तरी सायकलवरून उतरून तिला वाट देणारे तुम्ही, पण त्या दिवशी म्हणालात, "पुराना माल जाँचा हुआ होता है, सर. नए का अभी पता नहीं." हमाल हसले. ते हसणं महागात पडलं. दुसऱ्या दिवशी उद्धट वर्तनाबद्दल निलंबनाचा कागद हातात आला आणि तुम्ही लेबर कोर्टात गेलात.

अकरा महिने तुम्ही घरी होतात. आई सकाळच्या शाळेत शिकवायला जाऊ लागली आणि स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात आलं. पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. एकावर जिरे, शेजारच्यावर "जिरे नव्हे, शहाजिरे". तुमच्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत, पण भुट्ट्याचा कीस तुमच्यासारखा आईलाही जमला नाही. मला तुम्ही दिसता ते अजून तिथेच. तुम्ही कीस हलवताय, मी ओट्याला टेकून भाषण देतेय. झुकायचं नाही, बाबा, काही झालं तरी झुकायचं नाही. तुम्ही हूं म्हणता आणि दूध घालता. मला वाटे, आपण दोघं मिळून लढतोय.

शेवटच्या तारखेला तुम्ही स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून गेलात. दुपारी कारखान्यातले तुमचे एक फिटर मित्र स्कूटरवरून पुढे आले. तुम्ही देवास गेटच्या बाजारात थांबून येणार होतात. ते फाटकातूनच म्हणाले, "बिटिया, पापाजी ने राजीनामा कर लिया. अब चिंता की बात नहीं." आणि गेले. मी चप्पल घालून फ्रीगंजातल्या एसटीडी बूथवर पळाले आणि पुण्याला मामाला फोन लावला. बाबांनी राजीनामा दिला, झुकले नाहीत, असं सांगितलं. मामा तिकडून इतक्या जोरात शाब्बास म्हणाला की बूथवाल्याने वर पाहिलं. 'कर लिया'चं 'दिला' वाटेत कधी झालं, मला कळलंच नाही.

तुम्ही शेव आणि जिलबी घेऊन आलात. आई नुकतीच शाळेतून आली होती. मी वाकून तुमच्या पाया पडले. दिवाळी-पाडव्याशिवाय मी कधी पडत नसे. म्हटलं, "बाबा, तुम्ही राजीनामा दिलात. मला तुमचा फार अभिमान वाटतोय."

तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवली.

"दिला नाही ग," तुम्ही म्हणालात. "केला."

आईला लगेच कळलं. ती स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला थोडं उशिरा कळलं. मॅनेजरची लेखी माफी मागायची, सोमवारपासून पुन्हा कामावर, पण स्टोअरमध्ये नाही. फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायला. मी ओरडून विचारलं, त्या माणसाची माफी मागताना लाज नाही वाटली? तुम्ही नळाखाली हात धुवत होतात. "वाटली ना. हात थांबला होता सही करताना. मग केली." एवढंच. मग आईला म्हणालात की चाय टाक, जिलबी थंड होऊन राहिली आहे. मी जिलबी खाल्ली नाही.

पूर्वी रोज सकाळी तुमची सायकल निघताना मी घराचं फाटक धरायची. त्या सोमवारी मी पुस्तक घेऊन आत बसून राहिले. फाटक वाजलं, ते शाळेला निघालेल्या आईने लावलं होतं. त्यानंतर ते मी कधीच धरलं नाही, बाबा. हे तुम्हाला दिसलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मॅनेजर दोन वर्षांत दुसरीकडे गेला. तुम्ही रिटायर होईपर्यंत कारखान्याच्या फाटकावरच्या स्टुलावर बसलात, ट्रकवाल्यांचे बाबूजी झालात, आणि माझं वकिलीचं शिक्षण तिथे बसूनच पुरं केलंत.

पेन खिशात ठेवणाऱ्या माझ्या आजच्या अशिलाच्या मागच्या बाकावर त्याची मुलगी बसली होती, असेल सतरा-अठराची. तो मला हळूच म्हणाला, बिटिया क्या सोचेगी. मी म्हटलं, "आज गुस्सा करेगी. करने दीजिए." त्याने पेन काढलं आणि राजीनाम्यावर सही केली. मुलगी त्याच्याकडे न बघता बाहेर गेली. तिच्या मागे जाऊन समजावावं असं वाटलं, पण गेले नाही. त्या वयात मीही ऐकलं नसतं.

देणं सोपं होतं आणि करणं कठीण, हे मला आता पुरतं कळतं. तुम्ही कठीण ते केलंत. हे मी कुणाहीसमोर उभी राहून सांगेन. हे पत्र शहाजिऱ्याच्या डब्यात ठेवणार आहे. तुमच्यामागे तो कुणी उघडत नाही.

एक राहिलं. मामाला मी खरं कधी सांगितलं नाही. तुमच्या तेराव्याला तो सगळ्यांना सांगत होता की भावोजींनी राजीनामा तोंडावर फेकला. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी भात वाढत राहिले. आज कोर्टातून आल्यावर ठरवून त्याला फोन लावला, आज सांगायचंच म्हणून. त्याने आपणहून तीच गोष्ट काढली, त्याच्या सांगण्यात आता कागदाबरोबर टेबलही उलटं झालेलं आहे. मी मधे बोलले नाही. शेवटपर्यंत ऐकली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, बाबा, मला ती अजून आवडते.