शिलेदार की बारगीर?

प्रिय अक्का,

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय, आणि मी आज लिहितो, उद्या लिहितो करत बसलोय. मध्ये तलकाडला गेलो होतो. वाळूत बुडालेली देवळं बघता बघता एका आइस्क्रीमवाल्याशी दोस्ती झाली, मग देवळं राहिली बाजूला आणि मी त्याची गाडी ढकलत हिंडलो. असो. आता कडकोळला एका गोदामात लागलोय, खोलीही इथंच घेतलीय. रविवारी तेवढा म्हैसूरला, अग्रहारातल्या घरी जातो.

जाऊन काय करतो सांगू? अज्जांना पुस्तक वाचून दाखवतो. तुझ्या पलंगाखाली सापडलं ते, अंतराळातल्या लढाईचं. इंग्रजी मला अर्धं कळतं, उरलेलं ठोकून देतो. त्यातल्या राज्यात जो लष्करात चाकरी करून आला, त्यालाच मत. बाकीच्यांनी खावं, प्यावं, कर भरावा आणि गप्प बसावं. अज्जा खूश! “सरि! हेच मी म्हणतो,” म्हणत मांडीवर थाप. आपले पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात शिलेदार होते, हे तू जन्मल्यापासून ऐकतेयस.

पण पुढच्या रविवारी गंमत झाली. पुस्तकातल्या शिपायांना उडतं लोखंडी चिलखत मिळतं, तिथं अज्जांनी मला थांबवलं. चिलखत कुणाचं रे? म्हटलं, सरकारचं. झालं! “मग हे कसले शिलेदार? बारगीर हे!” स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, पटलं नाही तर घोडा वळवून घरी जाईल. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. त्याचं मत त्याचं कसं म्हणायचं? अक्का, पुस्तकात एक मास्तर या कायद्यावर पानंच्या पानं भाषण ठोकतो, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही.

मग माझी जीभ वळवळली. म्हटलं, अज्जा, तुम्ही तर जन्मभर ऑफिसच्या स्कूटरवर हिंडलात, तुम्ही कोण? आणि पुस्तकाचा कायदा धरला, तर आपल्या घरात उद्या मत एकट्या फौजेत गेलेल्या पवित्राचं. तुम्ही कॉफीसुद्धा तिला विचारून प्यायची. तू गेल्यापासून त्यांच्यासमोर तुझं नाव कुणी काढलं नव्हतं. फौजेत गेलीस तर हा उंबरा विसर, म्हणाले होते ना. वाटलं, आता चप्पल येते. तर म्हणाले, “पुढं वाच.” पुढं बायका जहाज चालवतात ते पान होतं. ते दोनदा वाचायला लावलं. पण मी तुझ्या परेडचं विचारलं, तेव्हा उठून आत गेले.

खरं म्हणजे पत्र त्यासाठीच रखडलं. बेंगळूरला ट्रेनिंग संपल्यावरच्या परेडला घरून कोण येणार, असं तू विचारलंयस. माझ्याकडे एकच उत्तर होतं, मी एकटा, आणि तेवढं लिहायला मन होईना. आणि आत्ता, हे लिहितोय तोवर, खाली रिक्षा थांबली. आई! या सगळ्या वादात जिनं तोंडातून अक्षर काढलं नाही ती आपली आई, जरीची साडी नेसून, बॅग घेऊन, कधी नव्हे ती एकटी. म्हणते, “बेंगळूरची बस कुठनं रे? अय्यो, मला कुणी मत विचारलंच नाही, म्हणून माझं मीच सांगून आले.” आणि अज्जा? त्यांना कुकर लावायला शिकवून आलीय. परेडला अजून आठ दिवस आहेत, हे तिला सांगायचा मला धीर होत नाहीये.

तुझाच, बॅग वर आणायला पळणारा,
भुवन