ऑल्टरेशनचं दुकान कुठे थाटू?

१२ मार्च

ती. बाबा,
नमस्कार. इतके दिवस पत्र नाही, रागावू नका. मी ठणठणीत आहे.

तुमच्या शिलाई मशीनवर तयार कपडे मापात करून द्यायचं दुकान काढतेय, त्याची जागा सोमवारपर्यंत ठरवायची आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय. मोठ्या मॉलमध्ये तोबा गर्दी, पण निम्मे नुसती एसीची हवा खाऊन परततात. घराजवळच्या छोट्या मॉलमधून लोक भाजी घेऊन पळतात. तिसऱ्यात कंपन्यांचा उरलेला माल स्वस्तात मिळतो. तिथला वॉचमन म्हणाला, "ताई, स्वस्तातल्या कपड्याला शिलाई कोण देणार?" मीही मान डोलावली. पण उरलेल्या मालात नेमकं आपलं माप कुठे मिळतं? कपडा मापात करून घ्यावाच लागणार ना? की मी स्वतःचीच समजूत घालतेय?

आईचा गुडघा कसा आहे? खरं कळवा.

तुमची,
धाकटी

उद्या: तिसऱ्या मॉलच्या ट्रायल रूमबाहेर बसून, कोण बाह्या दुमडत बाहेर येतं ते पाहणे.