पाच नंबरच्या आजोबांना चालवताना

४ मार्च, दुपारी
आजपासून वॉर्डात टीमवर्क. दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलोय. डॉक्टर मोठा, बाकीचे छोटे, ही जुनी पद्धत बंद. रोज साडेआठला मीटिंग, सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं. आज मी चाळीस मिनिटं बोललो. बाकी कोणी काही बोललं नाही. पटलं असणार.

५ मार्च
पाच नंबरचे आजोबा. खुब्याचं ऑपरेशन मीच केलं, झकास झालंय. पण गडी उभा राहायला तयार नाही. नऊला फिजिओथेरपीवाली येते, हे ओरडतात, ती परत जाते. शुक्रवारपर्यंत चालले नाहीत तर थेट वृद्धाश्रम. घरी आजी एकट्या, त्यांना हे झेपणार नाही. फाइलीत लिहिलं: पेशंट सहकार्य करत नाही.

६ मार्च
मीटिंगमध्ये सिस्टर आजोबांच्या दुखण्यावरच्या गोळीचं काहीतरी काढत होत्या. प्रेमाने थांबवलं. आजचा विषय 'परस्पर आदर' होता. मग फिजिओवालीने तोंड उघडलं. तिलाही थांबवलं. आदर सगळ्यांना सारखा.

७ मार्च
आजोबांना स्वतः वीस मिनिटं समजावलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हट्टी म्हातारा. सिस्टरांनी लिफ्टपाशी गाठून कागद पुढे केला. फोनवर होतो, सही ठोकली. टीमवर विश्वास टाकता आला पाहिजे.

८ मार्च, सकाळी ९.२०
आजोबा उठले! चक्क दारापर्यंत गेले. आजी तिथेच रडायला लागल्या. कालचं समजावणं लागू पडलं.

दुपारी
मोठे साहेब राउंडला. विचारलं, एका दिवसात काय बदललं? मी 'संवाद' या मुद्द्यापासून सुरुवात केली. साहेब सिस्टरांकडे बघत राहिले.
सिस्टर म्हणाल्या, "गोळीची वेळ. गोळी दहाला होती, व्यायाम नऊला. आज आठला दिली. सरांचीच सही आहे."
दहाची वेळही मीच लिहिलेली. म्हणजे चार दिवस तो माणूस खरोखर दुखतंय म्हणून ओरडत होता. फार वाईट वाटलं. आता ठरलं, आधी ऐकायचं. सोमवारी मीटिंगचा विषय 'ऐकणे'. मला सव्वा तास तरी लागेल.

११ मार्च, ८.३५
मीटिंगच्या खोलीत मी एकटाच. आजोबांना आज घरी सोडलं, सगळे खाली गेलेत. मला कोणी सांगितलं नाही. खिडकीतून दिसतंय. आजोबा गाडीपर्यंत स्वतः चालत गेले, आता सिस्टरांचा हात सोडत नाहीयेत.
९.५०
मुद्दे काढलेच होते, मोठ्याने वाचून टाकले. कोणाची काही शंका नव्हती.